आठ पॅड, सोळा चौकोन

नगर जिल्ह्यातल्या वरातीत एक क्षण ठरलेला असतो. नागीनची धून सुरू होते, कुणीतरी रुमालाचं टोक तोंडात धरून पुंगी करतो आणि दुसरा नव्या शर्टाची पर्वा न करता डांबरावर आडवा होऊन डोलायला लागतो. बँड असो, बँजो असो की डीजे, ही धून सुटत नाही. ती १९५४ च्या 'नागिन' या हिंदी सिनेमातली. संगीतकार हेमंतकुमार. पण त्यातली पुंगी ही पुंगी नाहीच. ती कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतल्या थोरल्याने, क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती आणि सोबतीला रवी यांची हार्मोनियम होती. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली बनवलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य. आत काचेच्या व्हॉल्व्ह, बाहेर तीन सप्तकांची पट्टी.

म्हणजे आपले आजोबा ज्या पुंगीवर नाचले ती विजेवर चालणारी होती. गावात वीज पोचण्याआधी इलेक्ट्रॉनिक संगीत गावातल्या नाचात पोचलं होतं.

हे आधी सांगायचं कारण असं की 'इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेडफोन गळ्यात अडकवलेला गोरा माणूस येतो, आणि 'डीजे' म्हटलं की टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. पहिल्याबद्दल इंग्रजीत पुस्तकं लिहिली जातात. दुसऱ्याबद्दल मराठीत पोलिसांची प्रेसनोट निघते. या भिंतीतून जे वाजतं ते संगीत म्हणून कसं आहे, ते कुठून आलं, गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यात काय बदललं, यावर बोलायला फारसं कुणी तयार नसतं. बाजू घ्यायला सगळे तयार, ऐकायला कुणी नाही. मी राहुरी तालुक्यात वाढलो, आता पुण्यात कोड लिहितो, आणि या आवाजाची टीका त्याला संगीत मानूनच करायला हवी असं मला वाटतं. टीका कडक असली तरी चालेल.

अहमदाबाद आणि अहमदनगर

इंटरनेटवर इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास शोधला की एकच गोष्ट पुन्हापुन्हा मिळते. जर्मनीत क्राफ्टवेर्क आणि त्यांचा १९७४ चा 'आउटोबान'. मग शिकागोतलं हाउस, डेट्रॉईटमधलं टेक्नो, मग लंडन आणि बर्लिन. या गोष्टीत भारत येतो तो थेट हणजूणच्या किनाऱ्यावर, 'गोवा ट्रान्स' म्हणून. तिथेही नाव गोव्याचं आणि गाजलेला माणूस गोवा गिल, जो आला होता कॅलिफोर्नियाहून.

या गोष्टीला आता दोन भारतीय तळटीपा जोडल्या गेल्या आहेत. पहिली अहमदाबादची. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. पुढाकार होता गीता साराभाईंचा. या पखवाजवादक, आणि १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला भारतीय संगीत शिकवणाऱ्या. पुढची तीनेक वर्षं तिथे जे वाजलं त्याच्या टेप संस्थेच्या कपाटात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. त्यातल्या काही तुकड्यांचं नाव चक्क 'डान्स म्युझिक' आहे. पन्नास वर्षं त्यावर नाचलं कोण, तर कपाटातली धूळ.

दुसरी तळटीप मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वादकवृंदातले गिटारवादक. त्यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. यमन, भूपाळी, मालकंस असे दहा राग, आणि साथीला रोलँड कंपनीची तीन यंत्रं : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी तीच ३०३ वापरून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बनवलं आणि एक अख्खा संगीतप्रकार जन्माला आला. २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले, की हे अ‍ॅसिड तर मुंबईत आधीच होतं!

दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण त्या आवडण्यात एक सोय आहे. 'आपणही पहिले होतो' एवढं म्हणता येतं आणि काम संपतं. यंत्र कुणी आधी वापरलं हा पेटंट ऑफिसचा प्रश्न झाला. संगीताचा प्रश्न वेगळा : ते कुणाच्या अंगात गेलं? अहमदाबाद १४११ ला वसलं, अहमदनगर १४९० ला. दोन्ही शहरं दोन वेगळ्या अहमदांच्या नावाची. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, बोलताना मात्र 'नगर'च येतं. अहमदाबादमध्ये यंत्र आलं आणि लोक आले नाहीत. नगरमध्ये लोक आधीच रस्त्यावर होते. यंत्र त्यांच्यापर्यंत उशिरा आलं, सेकंडहँड आलं, हातगाडीवर बसून आलं, आणि आल्याआल्या कामाला लागलं.

आठ पॅड

ज्यांनी नव्वदच्या दशकातल्या वराती पाहिल्यात त्यांना बँडची गाडी आठवत असेल. पुढे ट्रम्पेट आणि क्लॅरिओनेटवाले लाल कोटात, मागे ढकलगाडी. तिच्यावर कीबोर्ड, अँप्लिफायर, चार दिशांना तोंड केलेले कर्णे आणि मागे धूर सोडणारा जनरेटर. हे आपलं पहिलं चालतं इलेक्ट्रॉनिक व्यासपीठ. याच काळात तमाशाच्या फडातही बदल झाला. संगमनेर हे कांताबाई सातारकरांचं गाव झालं, आणि त्यांच्या फडासारख्या मोठ्या ढोलकीफडांची रात्र गण, गवळण, बतावणी, वग अशी चालायची. त्या रात्रीत 'रंगबाजी'चा वाटा वाढत गेला तसे स्टेजवर ढोलकी-हलगीशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड येऊन बसले. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत तर ते होतेच.

ऑक्टापॅड हे या सगळ्या गोष्टीतलं माझं लाडकं पात्र. रोलँडने पहिला ऑक्टापॅड १९८५ साली काढला. रबराचे आठ चौकोन, वर चार खाली चार, आणि दोन काठ्या. गंमत म्हणजे त्या पहिल्या मॉडेलला स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त निरोप द्यायचा : अमुक चौकोनावर इतक्या जोरात मारलं. आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. हे निरोप देण्याचं प्रमाणित तंत्र म्हणजे मिडी, १९८३ मध्ये ठरलेलं आणि आजही चालू असलेलं. पुढे १९९८ च्या एसपीडी-२० सारख्या मॉडेलमध्ये आवाज आतच होते आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात 'पॅडवाला' ही कायमची जागा तयार झाली.

पॅडवाला काय करतो? ढोलकीची चाट एका पॅडवर, घुमारा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर हलगी, चौथ्यावर टाळी. अडचण अशी की ढोलकीचा घुमारा तळहाताने दाबून खालून वर ओढता येतो, त्यातच ढोलकीची सगळी लाडीगोडी आहे. पॅडवर तसं ओढता येत नाही. मारलं की वाजलं, संपलं. मग चांगला पॅडवाला ती कमी वेळेतून भरून काढतो. घुमारा केसभर उशिरा टाकतो, चाट केसभर आधी. कानाला वाटतं, आवाज ओढला. आवाज तसाच असतो, ओढलेला असतो तो काळ. यंत्राच्या मर्यादेला माणसाने दिलेलं हे उत्तर कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते एकमेकांचं बघून शिकलं गेलं. चरणजित सिंगांनी रागाला यंत्राच्या ठोक्यावर बसवलं, आपल्या पॅडवाल्यांनी यंत्राला ठेक्यावर बसवलं. दुसरं काम मला जास्त अवघड वाटतं.

सोळा चौकोन

मग कॅसेट आली, कॅसेट गेली. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांच्या आवाजाने एसटी स्टँडपासून रसवंतीपर्यंत सगळं व्यापलं. सीडी आली आणि 'रीमिक्स' हा शब्द आला. त्यानंतर मोबाईलची दुकानं. वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारा दुकानदार हा त्या काळातला आपला सर्वांत मोठा वितरक होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये 'डीजे मिक्स' नावाचं फोल्डर असायचं, आणि त्या फोल्डरमधली गाणी कुणी बनवली हे विचारायची पद्धत नव्हती.

ती गाणी बनत होती एफएल स्टुडिओवर. बेल्जियमच्या एका कंपनीने १९९७ मध्ये 'फ्रूटीलूप्स' नावाने आणलेलं हे सॉफ्टवेअर सायबरकॅफेपासून हॉस्टेलपर्यंत सगळीकडे पोचलं, बहुतेक वेळा पैसे न देता. उघडलं की समोर काही ओळी आणि प्रत्येक ओळीत सोळा चौकोन. चौकोन पेटवला की त्या जागी ठोका पडतो. हे सोळा चौकोन आकाशातून पडलेले नाहीत. १९८० च्या टीआर-८०८ वर सोळा बटणं होती, त्यांचा हा वंश. सोळा म्हणजे चार गुणिले चार. पाश्चात्त्य नाचगाण्याचा हिशोब.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे म्हणून हे ठामपणे सांगू शकतो : डीफॉल्ट ही जगातली सर्वांत ताकदवान गोष्ट आहे. सेटिंग बदलता येतं हे खरं, पण बहुतेक लोक ते बदलत नाहीत. आपल्याकडच्या नाचाच्या अनेक ठेक्यांत तीनच्या पटीचा झोका आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, त्यात पाय जमिनीवर पडतो आणि कंबर उरलेल्या जागेत हलते. असा ठेका सोळा चौकोनांत बसवायला गेलं की तिसरा भाग कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे झोका काढून टाकायचा आणि खाली सरळ ठोका लावायचा. धुम, धुम, धुम, धुम. हजारो मिक्समध्ये हेच झालंय. एफएल स्टुडिओत गाण्याच्या मध्येच मात्रांचा हिशोब बदलण्याची नीट सोय आली ती २०१८ मध्ये. तोवर एका पिढीचा हात बसला होता.

या बदलाचा पुरावा नाचात दिसतो. झोक्यावरचा नाच कंबरेतून आणि खांद्यातून होतो. सरळ ठोक्यावर माणूस उभ्या उभ्या उडी मारतो. गर्दीत उडी सोपी, जागा कमी लागते, न येणाऱ्यालाही येते. म्हणजे नुकसानच झालं असं नाही. मिरवणुकीत आज जितके लोक नाचतात तितके लेझीम येत असलेले कधीच नव्हते. पण नाचाची भाषा आक्रसली, आणि तिचं एक कारण बेल्जियममध्ये कुणीतरी ठरवलेल्या पहिल्या स्क्रीनमध्ये आहे.

हलगीचं तसंच. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते, कातडं ताणलं गेलं की ती खणखणते, थंड झाली की पुन्हा शेकायची. रेकॉर्ड केलेला हलगीचा एक ठोका मात्र कायम शेकलेलाच असतो. तो कापून सोळापैकी हव्या त्या चौकोनात टाकला की 'हलगी मिक्स' तयार. ज्याच्या हाताचा तो ठोका होता त्याला ना सुपारी, ना नाव. हलगी ही प्रामुख्याने मातंग समाजाच्या हातातली कला. तिचा आवाज प्रत्येक मिरवणुकीत आला आणि वाजवणारा मिरवणुकीतून बाहेर गेला. रीमिक्स म्हणजे चोरी, असली सरसकट टीका मला मान्य नाही, पण या एका ठिकाणी हिशोब चुकलाय हे नाकारता येत नाही.

साऊंड चेक

इंग्रजीत डीजे हा माणूस असतो. मराठीत डीजे ही वस्तू आहे. डीजे 'येतो', 'लागतो', 'अडकतो', 'जप्त होतो'. माणसाला आपण 'ऑपरेटर' म्हणतो, जेसीबीच्या ऑपरेटरसारखं. हा भाषेतला बदल अगदी अचूक आहे. आपल्याकडे कलाकृती म्हणजे गाणं नव्हे, कलाकृती म्हणजे ती गाडी. किती बेस, किती टॉप, कुठला मिक्सर, किती शार्पी लाइट, याची चर्चा शाळकरी पोरंही ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरसारखी करतात.

गाडीच कलाकृती झाल्यावर गाडीसाठी संगीत बनणं ओघाने आलं. त्याला 'साऊंड चेक' म्हणतात. 'हाय गेन', 'कॉम्पिटिशन', 'अनरिलीज्ड' ही त्याचीच भावंडं. यूट्यूबवर ऐकून बघा. सुरुवातीला सायरन. मग बनवणाऱ्याचं नाव जड आवाजात, तीन-चार वेळा. मग कुठल्यातरी हिंदी सिनेमातला दम देणारा डायलॉग. मग एकदम शांतता. मग बेसचा एकच लांब सूर, वरून खाली घसरत जाणारा. मग फक्त टॉपचा कर्कश तुकडा, मग फक्त मिड, मग सगळं एकत्र. गाणं असलंच तर त्याची एक ओळ.

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये स्पीकर तपासायला एक चाचणी असते : कमी कंपनांपासून जास्त कंपनांपर्यंत एक सूर हळूहळू फिरवत न्यायचा आणि यंत्र कुठे थरथरतं ते बघायचं. साऊंड चेक म्हणजे हीच चाचणी, नाचण्याजोगी केलेली. जगात अगदी टोकाचे प्रयोग करणाऱ्या संगीतकारांनी जे केलं ते आपल्या पोरांनी स्पर्धा जिंकण्यासाठी केलं. सुरावट टाकून दिली, शब्द टाकून दिले, आवाजाचं भौतिकशास्त्र तेवढं ठेवलं. त्यातली शांततेची जागा तर कमाल असते. हजार माणसं हात वर करून काहीच न वाजण्याची वाट बघत असतात. हा प्रकार मला मनापासून आवडतो.

आणि जगात हे एकटं नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकापासून अशाच स्पीकरच्या भिंती रस्त्यावर उभ्या राहायच्या, एकमेकींसमोर लढायच्या, आणि फक्त आपल्याकडेच असलेली गाणी तबकडीवर कोरून आणायच्या. आपलं 'अनरिलीज्ड' ते हेच. तिथला किंग टबी हा मुळात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. मिक्सरवर बसून तो तयार गाण्यातले शब्द काढायचा, बेस आणि ड्रम उघडे पाडायचा, मध्ये रिकामी जागा सोडायचा. त्यातून 'डब' नावाचं संगीत निघालं आणि आजच्या बऱ्याचशा इलेक्ट्रॉनिक संगीताचं ते मूळ मानलं जातं.

मग आपल्या साऊंड चेकमधून तसं काही का निघत नाही? माझं उत्तर असं आहे. टबीच्या रिकाम्या जागेत प्रतिध्वनी होता, म्हणजे काढलेल्या गाण्याची आठवण होती. आमच्या साऊंड चेकला गाण्याची आठवणच नको असते. त्याला समोरची गाडी हरवायची असते. स्पर्धेचा निकष एकच, दाब. मग प्रत्येक तुकडा लिमिटर लावून वरच्या टोकाला दाबून बसवला जातो. सगळंच मोठं झालं की काहीच मोठं वाटत नाही. सलग चार साऊंड चेक ऐकले की पाचवा कुणाचा हे नाव घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच बहुधा नाव इतक्या वेळा घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठी किंमत शब्दांनी मोजली आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हे ठळक जाणवतं. भीमगीतांची परंपरा म्हणजे शब्दांची परंपरा. सिन्नरजवळच्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हजारोंच्या संख्येने गाणी लिहिली. त्यांत युक्तिवाद असतो, इतिहास असतो, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. कडव्यांशिवाय तो युक्तिवाद पूर्ण होत नाही. मिक्समध्ये मात्र ध्रुवपदाची एक ओळ उरते आणि कवीच्या नावाच्या जागी ऑपरेटरचं नाव येतं. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते : वस्तीच्या बाहेर ज्या रस्त्यावर हा आवाज पूर्वी येऊ दिला जात नव्हता, त्या रस्त्याच्या मधोमध तो या भिंतीमुळेच पोचला. मोठ्या आवाजाला स्वतःचं राजकारण असतं. फक्त तिथे पोचल्यावर सांगायचं काय, हा प्रश्न उरतो.

मीटरला काय ऐकू येतं

आता आवाजाच्या त्रासाबद्दल. तो खरा आहे. कामगारांच्या सुरक्षेसाठी वापरला जाणारा एक हिशोब असा : ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ अर्धा. त्या हिशोबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. मिरवणूक १५ मिनिटांची नसते, आणि ऑपरेटर तर रोज तिथेच असतो. कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहानंतर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते. माळीवाड्याच्या विशाल गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा जुन्या नगरच्या अरुंद रस्त्यांवर ५५ ची मर्यादा म्हणजे ढोल-ताशालाही मनाई. सगळेच नियमाबाहेर असले की कारवाई कुणावर करायची हे नियम ठरवत नाही, माणसं ठरवतात. मग 'पारंपरिक वाद्यं' आणि 'डीजे' अशी विभागणी होते. गणवेशातलं ढोलपथक ही संस्कृती, वस्तीतल्या पोरांनी वर्गणीतून आणलेली गाडी हा उच्छाद. ढोलपथकाच्या मधोमध मीटर धरला तर आकडा फार वेगळा दिसणार नाही.

त्याहून रंजक गोष्ट मीटरच्या आत आहे. नियमातले डेसिबल 'ए' वजनाचे आहेत. माणसाचा कान हळू आवाजात खालच्या कंपनांना बहिरा असतो, म्हणून मीटरही ती कंपनं कमी करून मोजतो. किती कमी? ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा. म्हणजे जो बेस तुमच्या छातीत घुसतो, पत्रे वाजवतो, आजारी माणसाला उठून बसवतो, तो मीटरच्या लेखी जवळजवळ नाहीच. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. ती वाड्याच्या भिंतीला वळसा घालून आत येते, खिडकी लावून थांबत नाही. 'सी' वजनाने मोजलं तर हा बेस दिसतो, पण नियम 'ए' चा. म्हणजे तक्रार करणारा आणि गाडीवाला दोघं भांडतात त्या आकड्यात भांडणाचं खरं कारणच धरलेलं नाही. आवाज कमी करा, एवढं म्हणून भागणार नाही. कुठला आवाज, हे आधी ऐकायला शिकायला हवं. टीकेचं काम हेच असतं.

श्रेय

वरच्या मजल्यावर या खालच्या आवाजाचं काय झालं तेही बघू. न्यूक्लिया या नावाने संगीत करणाऱ्या उदयन सागरने २०१५ मध्ये 'बास रानी' हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आणला. ढोल, कर्णे, गल्लीतला बेस, सगळं त्यात आहे, आणि चांगलं आहे. पुढच्याच वर्षी 'सैराट' आला. अजय-अतुलने त्यासाठी लॉस एंजलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला, पण ज्या गाण्यावर थिएटरात लोक उठून नाचले त्याची ऊर्जा सरळ वरातीतून आलेली होती. नागराज मंजुळेंचा करमाळा तालुका आमच्या कर्जत-जामखेडला लागूनच आहे, तो आवाज आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. 'झिंगाट' मिरवणुकीतून सिनेमात गेलं आणि महिनाभरात मिक्स होऊन मिरवणुकीत परत आलं. हे देणंघेणं निरोगी आहे. फरक एवढाच की वरच्या मजल्यावर सगळ्यांची नावं पाटीवर येतात.

खालच्या मजल्यावर पाटीच नाही. गेल्या वीस वर्षांत नगर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव इथल्या खोल्यांमध्ये बसून पोरांनी जे बनवलं त्यातलं बरंच आधी मेमरी कार्डांसोबत हरवलं, नंतर कॉपीराइटच्या तक्रारीत यूट्यूबवरून उडालं. अहमदाबादच्या टेपना निदान कपाट होतं. आमच्या पॅडवाल्यांचं, बँडच्या गाडीवरच्या कीबोर्डवाल्यांचं काहीच ठेवलेलं नाही. जे पंचेचाळीस-पन्नाशीचे आहेत ते अजून वाजवतात. त्यांच्यासमोर फोन धरून, एक ठेका हळू वाजवायला सांगून रेकॉर्ड करणं याला कुठलंही अनुदान लागत नाही.

मिक्स बनवणाऱ्यांशी मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत, आणि त्या उपदेश म्हणून नाही, तर ऐकणारा म्हणून. एक, सोळा चौकोन बारा करून बघा. चार बटणं बंद केली की झोका परत येतो, आणि तुमचा मिक्स लगेच गर्दीतून वेगळा ऐकू येतो. दोन, हलगी सॅम्पल पॅकमधून न घेता हलगीवाल्याला तासभर बोलवा, पैसे द्या, आणि स्वतःच्या नावासोबत त्याचंही नाव त्या जड आवाजात घ्या. तीन, गाण्याचं एक तरी कडवं पूर्ण ठेवा. गर्दी पळून जात नाही, कडव्यात ती गाते.

काहींनी हे आधीच सुरू केलंय. सरळ ठोका मध्येच थांबवून आठ-दहा मिनिटं खरी हलगी वाजवू देणाऱ्या गाड्या अलीकडे दिसतात. त्या वेळी गर्दीच्या पुढच्या रांगा उड्या मारायचं थांबतात आणि कंबर हलवायला लागतात. यंदा मिरवणुकीत उभे राहाल तेव्हा मेडिकलमधून फोमचे बोळे घेऊन कानात घाला आणि पायांकडे बघत राहा. कुठला ठेका चालू आहे हे बोळे घालूनही कळतं.